‘सेवकांचा सेवक’ : एका मायन्याचा विचार

पत्राच्या मायन्यांतील नम्रता पुष्कळदां केवळ प्रघाताची असते, हें जुने कागद हाताळणारांस सांगावयास नको. ती खरी धरावयाची तर दुसऱ्या कागदाचा आधार लागतो. रोमच्या पोपांच्या आज्ञापत्रांच्या आरंभीं येणारें ‘ईश्वराच्या सेवकांचा सेवक’ हें बिरुद या दृष्टीनें तपासण्याजोगें आहे. १५३४ सालीं तिसऱ्या पॉलच्या ज्या आज्ञापत्रानें गोव्याचा धर्मप्रांत निर्माण झाला, त्या वर्गाच्या पत्रांचा हा ठराविक मायना होय.

बिरुद रूढ केलें पहिल्या ग्रेगरीनें (पोप, इ. स. ५९०–६०४). त्याचें मूळ, शिष्यांचे पाय धुणाऱ्या ख्रिस्ताच्या शिकवणींत आहे. तत्सम शब्द संत ऑगस्टीननेंही पूर्वीं वापरले होते. नवव्या शतकांतील चरित्रकार योहान डीकन म्हणतो कीं, कॉन्स्टँटिनोपलच्या धर्माध्यक्षानें ‘सार्वत्रिक’ ही पदवी मिरविली, तिला उत्तर म्हणून ग्रेगरीनें हें बिरुद घेतलें. एवढेंच कारण मानलें तर नम्रता ही वादांतील शस्त्र ठरते. तेव्हां ग्रेगरीचें दप्तरच पाहिलें पाहिजे.

लॅटरन वाड्यांतील मूळ पत्रवही नष्ट झाली. परंतु आठव्या शतकाच्या अखेरीस पहिल्या हेड्रियनच्या कारकीर्दींत तींतून ६८६ पत्रें उतरून घेतलीं गेलीं. हीं व इतर संग्रहांतील मिळून सुमारें ८५० पत्रें आज उपलब्ध आहेत. त्यांपैकीं सिसिलींतील धर्मसंस्थेच्या जमिनींचा कारभारी पीटर यास ५९१ सालीं लिहिलेलें पत्र या प्रश्नीं महत्त्वाचें आहे. कुळांकडून धान्य घेतांना १८ सेक्स्टॅरियसांहून मोठें माप लावूं नये. खोटीं वजनें मोडून खरीं करावीं. लग्नाची पट्टी एका सुवर्णनाण्याहून अधिक घेऊं नये. आणि कुळांस लिहिलेलें पत्र प्रत्येक मौज्यांत वाचून दाखवावें, म्हणजे जुलूम झाल्यास आपला बचाव कशानें करावा हें त्यांस कळेल, अशी त्यांत आज्ञा आहे. धन्यानें स्वतःच्या कारभाऱ्याविरुद्ध कुळांच्या हातीं लेखी पुरावा द्यावा, ही गोष्ट शोभेच्या नम्रतेंत बसत नाहीं.

दुसरा पुरावा धर्मादाय वहीचा. मदत घेणाऱ्या स्त्रीपुरुषांचीं नांवें, वयें, धंदे व नेमणुका नोंदलेली एक मोठी वही लॅटरनच्या दप्तरखान्यांत आपल्या काळींही आहे, असें योहान डीकन सांगतो. ती पुढें हरवली.

याची मर्यादाही सांगितली पाहिजे. कुळें जमिनीशीं बांधलेलीं होतीं, व ती पद्धति ग्रेगरीनें मोडली नाहीं. त्याची सेवा चालू व्यवस्थेंतील न्यायापुरती होती. तथापि तेवढ्यापुरती ती खरी होती, हें मापावरून सिद्ध होतें. पुढील पोपांचें आचरण कसेंही असो, मायना तोच राहिला. म्हणून संग्राहकांनीं केवळ शिक्कामोर्तबाचीं पत्रें जपून त्याच रुमालांतील मापांच्या व वांटपाच्या याद्या टाकून देऊं नयेत. मायन्याचा खरेखोटेपणा त्यांवरूनच ठरतो.