उत्तरेचे ऊन आणि आमचे अंगण

पुण्याच्या वाड्यातून अथवा कोकणच्या पडवीतून उठून चंडीगडास येऊन राहिलेल्या माणसास पहिल्याच हिवाळ्यात कळून चुकते, की इकडे सूर्याची वाट निराळी आहे. पुण्यास मेच्या मध्यावर आणि जुलैच्या अखेरीस माध्यान्हीचा सूर्य ऐन माथ्यावर येतो. चंडीगड कर्कवृत्ताच्या बरेच उत्तरेस; येथे तो माथ्यावर कधीच येत नाही. जूनमध्ये तो ८३ अंश चढतो, डिसेंबरात जेमतेम ३६.

१९५१ साली नव्या राजधानीची आखणी ल कॉर्बूझिए यांच्याकडे आली. घरांचा भार मात्र मुख्यतः पिएर जानरे, मॅक्सवेल फ्राय आणि जेन ड्रू यांनी वाहिला. नगररचनेचा गाजावाजा जगभर झाला. आमच्या मते खरी कसोटी लागली ती सरकारी नोकरांच्या घरांत. शिपायापासून मुख्यमंत्र्यापर्यंत घरांचे १३ प्रकार ठरले, आणि त्यांतील सर्वांत स्वस्त घरासही दोन खोल्यांबरोबर भिंतीआडचे अंगण मिळाले. ती चैन नव्हती. त्या काळी उन्हाळ्याच्या रात्री येथील माणूस छपराखाली झोपतच नसे. बाज उचलून अंगणात नाहीतर गच्चीवर जाई. वाड्यातल्या चौकाची सवय असलेल्या आम्हां मराठी मंडळींस हे अंगण लगेच आपले वाटले.

दक्षिणेच्या खिडकीचे गणित तर फारच सुबक आहे. तिच्यावर दोन फुटांचा छज्जा काढला, की जूनच्या माध्यान्ही त्याची सावली सुमारे साडेपंधरा फूट उतरून सबंध भिंत झाकते. डिसेंबरात तीच दीड फूटही उतरत नाही आणि ऊन थेट खोलीत शिरते. पश्चिमेस हा उपाय चालत नाही. तिसऱ्या प्रहरीचे तिरपे ऊन छज्ज्याखालून आत येते. म्हणून त्या बाजूस बंद भिंत किंवा विटांची जाळी बरी. सचिवालयाच्या काँक्रीटच्या भव्य झडपा दिवसभर तापून रात्री ती ऊब परत देतात; त्यांपुढे ही साधी जाळीच आम्हांस अधिक शहाणी वाटते.

पुढे कुटुंबे वाढली. आमच्यापैकी अनेकांनी अंगणावर पत्रा घालून खोली काढली. मुलांच्या अभ्यासाची सोय झाली, आणि घरातल्या आजीची थंडीतली उन्हाची जागा गेली. तेव्हापासून डिसेंबरात ती खुर्ची उचलून फाटकाबाहेर, दक्षिणेस तोंड करून बसू लागली.