अशुद्धीचे उपकार

भिलाई-३ वरून मुंबई-हावडा लोहमार्ग जातो. शेजारच्या पोलाद कारखान्याच्या पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राजेंद्रप्रसादांच्या हस्ते झाले. येथे घडणारे रुळांचे पोलाद म्हणजे निर्भेळ लोखंड नव्हे. त्यात शेकडा पाऊण भागाच्या आसपास कार्बन असतो, आणि रुळाची कणखरता त्या भेसळीतूनच येते. लोहाराला पूर्वापार ठाऊक असलेली ही गोष्ट विजेच्या बाबतीत मात्र शास्त्रज्ञांना फार उशिरा उमगली.

भट्टीच्या आदल्याच वर्षी, १९५८ मध्ये, अमेरिकेतील फिलिप अँडरसन यांनी दाखवून दिले की, अणूंची मांडणी पुरेशी विस्कटली तर इलेक्ट्रॉन नुसता अडखळत नाही, एका जागी कोंडलाच जातो. १९७९ मध्ये अब्राहम्स, अँडरसन, लिच्चार्डेलो आणि आपले टी. व्ही. रामकृष्णन यांनी हा विचार पुढे नेला. जाड पदार्थात थोडी अव्यवस्था खपून जाते. परंतु अतिपातळ थरात, चुंबकक्षेत्र आणि इलेक्ट्रॉनांचे परस्पर प्रतिकर्षण वगळल्यास, निरपेक्ष शून्य तपमानाला अल्पशी अव्यवस्थाही वीज थोपवण्यास पुरेशी ठरते.

हे मत रुजते न रुजते तोच, फेब्रुवारी १९८० मध्ये, ग्रनोबल येथे क्लाउस फॉन क्लिट्झिंग यांना सिलिकॉनच्या तसल्याच थरात, प्रबळ चुंबकक्षेत्रात, निराळेच दृश्य दिसले. थराचा आडवा रोध जिन्यासारखा पायऱ्यापायऱ्यांनी बदलत होता, आणि प्रत्येक पायरी म्हणजे २५,८१२.८ ओहमला पूर्णांकाने भागून येणारी संख्या! गंमत अशी की, पायऱ्या रुंद होतात त्या अशुद्धीमुळेच. जादा इलेक्ट्रॉन तिच्या खाचखळग्यांत अडकून पडतात आणि मोजमापात ढवळाढवळ करीत नाहीत. १९९० पासून विद्युत्‌रोधाचे जागतिक मानक याच पायऱ्यांवर उभे राहिले.

तथापि हे उपकार सर्वत्र नाहीत. अत्यंत थंडीत इलेक्ट्रॉन किमान ऊर्जेच्या ज्या अवस्थेत स्थिरावतात तिला मूलावस्था म्हणतात. १९८२ मध्ये त्सुई, श्टोर्मर आणि गोसार्ड यांना अपूर्णांकाची पायरी सापडली. ती परस्पर प्रतिकर्षणातून जन्मलेली नवी मूलावस्था होती, आणि ती दिसली ती फार निर्मळ थरात. अव्यवस्था वाढली की ती पुसली जाते.

२००४ नंतर ग्राफीन हा एका अणूच्या जाडीचा कार्बनचा थर हाती आला. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतही त्यावर काम चालते. असे दोन थर सुमारे १.१ अंशाने पिळून एकावर एक ठेवले तर ते अतिसंवाहक होऊ शकतात, हे २०१८ मध्ये आढळले. येथे अशुद्धी मिसळलेल्या अणूंची नसते, कोनाची असते. एकाच तुकड्यात हा पीळ जागोजागी किंचित बदलतो, आणि म्हणून सारख्याच हातांनी घडवलेले दोन नमुनेही क्वचितच एकसारखे वागतात.