पर्जन्यमापक, घरगुती बिनतारी

पडलेल्या पावसाचे मापन करून त्याचे मूल्य रेडिओ तरंगांच्या द्वारे घरातील दर्शकावर आपोआप दाखविणारे उपकरण. पावसाचे पाणी वाहून न जाता, जमिनीत न मुरता व त्याचे बाष्पीभवन न होता सपाट पृष्ठावर साचून राहिले, तर त्याच्या थराची जी जाडी होईल तिला पर्जन्यमान म्हणतात व ती मिमी. मध्ये सांगतात. १ मिमी. पाऊस म्हणजे १ चौ. मी. क्षेत्रावर पडलेले १ लिटर पाणी होय. मोजण्याची ही कल्पना अतिशय साधी असली, तरी मापन कोणी व कोणासाठी करावयाचे आणि भर पावसात बाहेर न जाता ते कसे साधावयाचे, या दोन प्रश्नांभोवती या उपकरणाचा इतिहास फिरत आलेला आहे.

प्राचीन व मध्ययुगीन मापन : कौटिल्याच्या अर्थशास्त्रात धान्याच्या कोष्ठागारात एक अरत्नी रुंद तोंडाचे कुंड पर्जन्यमापनासाठी ठेवावे असे सांगितले असून निरनिराळ्या प्रदेशांचे पर्जन्यमान द्रोण या परिमाणात दिलेले आहे. कोरड्या जांगल प्रदेशात १६ द्रोण व अवंतीत २३ द्रोण अशी मूल्ये सांगून अपरांतातील म्हणजे कोकणातील पाऊस अमित असल्याचे त्यात नमूद केले आहे. पेरणीचे नियोजन हा त्यामागील हेतू होता. सहाव्या शतकातील वराहमिहिर यांच्या बृहत्संहितेतही एक हात रुंदीच्या कुंडात पाऊस मोजण्याची पद्धत व त्यासाठी पल, आढक व द्रोण ही परिमाणे आढळतात. कोरियात सेजोंग राजाच्या कारकीर्दीत १४४१-४२ मध्ये ठराविक आकाराची दंडगोल पात्रे तयार करून ती प्रांतोप्रांती पाठविण्यात आली आणि पावसाची नोंद राजधानीस कळविण्याचा नियम घालण्यात आला. एकसारख्या उपकरणांनी देशभर पर्जन्यमापन करण्याचा हा आरंभीचा सुसंघटित प्रयत्न होय. या सर्व व्यवस्था शासनाच्या गरजेपोटी निर्माण झाल्या होत्या. ज्याच्या शेतात पाऊस पडे, त्याच्या हाती मात्र मोजपात्र नव्हते.

यूरोपातील प्रयोग : इटालियन शास्त्रज्ञ बेनेदेत्तो कास्तेल्ली यांनी १६३९ मध्ये पेरूजा येथे काचेच्या पात्रात पावसाचे पाणी साठवून मोजले व ही हकीकत गॅलिलिओ यांना पत्राने कळविली. इंग्लंडमध्ये क्रिस्टोफर रेन यांनी १६६२ च्या सुमारास पाणी ठराविक प्रमाणात भरताच आपोआप उलटून रिकामे होणाऱ्या पात्राची योजना मांडली. रॉबर्ट हुक यांनी तीत सुधारणा करून ती आपल्या हवामान घड्याळात वापरली. आजच्या घरगुती उपकरणाच्या मुळाशी हीच कल्पना आहे.

पाऊस घरात बसून मोजण्याचा पहिला उल्लेखनीय प्रयत्न रिचर्ड टाउनली यांनी केला. लँकाशरमधील बर्नलीजवळच्या आपल्या घराच्या छपरावर त्यांनी १२ इंच व्यासाचे नसराळे बसविले आणि त्यातून शिशाची नळी थेट खालच्या खोलीत आणून सोडली. १६७७ पासून सुमारे पाव शतक त्यांनी अशा रीतीने मापन केले. रात्री-अपरात्री भिजत बाहेर जाण्याचे श्रम त्यामुळे वाचले, पण छपरावर केलेले मापन जमिनीवरील मापनाशी जुळते का, हा प्रश्न तेव्हा कोणी विचारला नव्हता.

त्याचे उत्तर विल्यम हेबर्डन यांच्या प्रयोगाने दिले. १७६६-६७ या वर्षात त्यांनी लंडनमध्ये तीन ठिकाणी सारखेच पर्जन्यमापक ठेवले. जमिनीलगतच्या उपकरणात २२·६ इंच, जवळच्या घराच्या छपरावरील उपकरणात १८·१ इंच आणि वेस्टमिन्स्टर ॲबीच्या उंच छतावरील उपकरणात केवळ १२·१ इंच पावसाची नोंद झाली. उंची वाढते तसतसा पाऊसच कमी होतो की काय, याविषयी पुढे जवळजवळ शतकभर वाद चालला. उंचावर वारा जोराने वाहतो, पात्राच्या कडेवरून तो वर उसळतो व थेंब तोंडापासून दूर नेतो, असे स्पष्टीकरण विल्यम स्टॅन्ली जेव्हन्झ यांनी १८६१ मध्ये दिले. घराच्या गच्चीवर पर्जन्यमापक बसवू नये, या आजच्या सूचनेमागे हा इतिहास आहे.

हौशी निरीक्षक : जॉर्ज जेम्स सायमन्स यांनी १८६० मध्ये ब्रिटनमधील पर्जन्य निरीक्षणे एकत्र करण्याचे काम सुरू केले. आरंभी त्यांच्याकडे १६८ ठिकाणांच्या नोंदी होत्या. १९०० मध्ये त्यांचा मृत्यू झाला तेव्हा निरीक्षकांची संख्या तीन हजारांच्या पुढे गेली होती. त्यांत धर्मोपदेशक, वैद्य, शिक्षक व बागाईतदार असे सर्व थरांतील लोक होते. भारतात १८७५ मध्ये हवामानशास्त्र विभागाची स्थापना झाली आणि कालांतराने सायमन्स यांच्याच नावाचा, १२७ मिमी. व्यासाच्या तोंडाचा पर्जन्यमापक तालुक्याच्या गावापर्यंत पोहोचला. त्यातील पाणी रोज सकाळी ८·३० वाजता मोजपात्रात ओतून पाहण्याची पद्धत रूढ झाली.

अमेरिकेत २८ जुलै १९९७ रोजी कोलोरॅडो राज्यातील फोर्ट कॉलिन्झ शहरात आलेल्या पुरात पाच माणसे मृत्युमुखी पडली. शहराच्या एका भागात अतिवृष्टी होत असताना दुसऱ्या भागात पाऊस अगदी बेताचा होता. हा फरक टिपण्याइतकी मापन केंद्रे दाट नव्हती. यातून १९९८ मध्ये तेथे घरोघरच्या निरीक्षकांचे जाळे उभारण्यात आले. मुंबईत २६ जुलै २००५ रोजी हाच अनुभव अधिक भीषण स्वरूपात आला. सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिमी. पाऊस झाला, तर त्याच शहरातील कुलाबा येथे सुमारे ७३ मिमी. एवढाच झाला. दोन केंद्रांच्या मधल्या वस्त्यांवर काय कोसळत आहे, हे त्या दुपारी आकड्यांत सांगता येणे शक्य नव्हते. त्यानंतर मुंबईत ठिकठिकाणी स्वयंचलित पर्जन्यमापक बसविण्यात आले.

बिनतारी प्रेषण : वातावरणातील मापने रेडिओ तरंगांनी पाठविण्याचे तंत्र फ्रान्समध्ये रॉबेअर ब्यूरो यांनी १९२९ मध्ये व रशियात पाव्हेल मोल्चानॉव्ह यांनी १९३० मध्ये फुग्यांना जोडलेल्या उपकरणांच्या द्वारे यशस्वी केले. १९३६ मध्ये अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत डब्ल्यू. बी. एलवुड यांनी काचेच्या बंद नळीतील, चुंबक जवळ येताच मिटणारा स्विच शोधून काढला. पुढे अर्धसंवाहक मंडले स्वस्त झाल्यावर रेन यांचे उलटते पात्र, एलवुड यांचा स्विच व अल्पशक्ती प्रेषक यांचा एकत्र संयोग होऊन विसाव्या शतकाच्या अखेरीस घरगुती बिनतारी उपकरणे बाजारात आली. टाउनली यांच्या शिशाच्या नळीचे काम आता रेडिओ तरंग करू लागले.

रचना व कार्य : नसराळ्यातून येणारे पाणी तरफेवर तोललेल्या दोन लहान पात्रांपैकी एकात पडते. ते भरताच तरफ कलते, पाणी खाली सांडते व दुसरे पात्र नसराळ्याखाली येते. प्रत्येक कलण्याबरोबर तरफेवरील चुंबक स्विचजवळून जातो आणि एक विद्युत् स्पंद निर्माण होतो. नसराळ्याचे क्षेत्रफळ २०० चौ. सेंमी. असल्यास १ मिमी. पावसाचे पाणी २० घ. सेंमी. भरते, म्हणून ४ घ. सेंमी. पाण्याला उलटणारे पात्र दर वेळी ०·२ मिमी. पाऊस दर्शविते. स्पंदांची संख्या देशपरत्वे ४३३, ८६८ वा ९१५ मेगॅहर्ट्झच्या आसपासच्या कंप्रतेवर प्रक्षेपित होते. अनेक उपकरणांत दर वेळी एकूण बेरीज पाठविली जाते. त्यामुळे मधला एखादा संदेश न पोहोचल्यास पाऊस हिशेबातून सुटत नाही.

मांडणी व वापर : उपकरण मोकळ्या जागी, झाडे व भिंती यांपासून त्यांच्या उंचीच्या किमान दुप्पट अंतरावर, पक्क्या आधारावर बसवितात. पाणसळीने ते समतल करणे अत्यावश्यक असते, कारण तरफ कललेली असल्यास दोन्ही पात्रे सारख्या पाण्याला उलटत नाहीत. तोंड जमिनीलगत, पण उसळणारे शिंतोडे आत येणार नाहीत इतक्या उंचीवर असावे. पोलाद घातलेल्या काँक्रीटच्या भिंती संदेश क्षीण करतात. म्हणून उपकरण कायमचे बसविण्यापूर्वी ग्राही घरातील नियोजित जागी ठेवून संदेश येतो की नाही ते पाहतात. पावसाळ्यापूर्वी विद्युत् घट बदलणे, तसेच पालापाचोळा, कोळ्याची जाळी व मुंग्यांची वारुळे काढणे ही कामे न चुकता करावी लागतात. नसराळे तुंबल्यास उपकरण कोणतीही तक्रार न करता कोरडा दिवस नोंदविते.

चाचणीसाठी मोजलेले पाणी नसराळ्यात अगदी सावकाश सोडतात. १०० चौ. सेंमी. क्षेत्रफळाच्या नसराळ्यात ५०० घ. सेंमी. पाणी सोडल्यास दर्शकावर ५० मिमी. हा आकडा आला पाहिजे. तो न आल्यास पात्राखालचे स्क्रू फिरवून दुरुस्ती करतात. मुसळधार पावसात पात्र उलटत असतानाच्या क्षणार्धात येणारे पाणी मोजले जात नसल्याने नोंद कमी येते. कोकणासारख्या प्रदेशात ही त्रुटी दुर्लक्षणीय नसते. म्हणून शेजारी साधे मोजपात्र ठेवून दोन्ही आकडे ताडून पाहणे इष्ट असते. तसेच अनेक घरगुती उपकरणे मध्यरात्रीपासून दिवस मोजतात, तर हवामान विभागाचा पर्जन्यदिन सकाळी ८·३० ला संपतो. हा भेद लक्षात न घेतल्यास दोन्ही नोंदी बरोबर असूनही त्या परस्परविरोधी वाटतात.

महत्त्व : महाराष्ट्रात महसूल मंडळात २४ तासांत ६५ मिमी. हून अधिक पाऊस झाल्यास ती अतिवृष्टी, हा निकष शेतीच्या नुकसानीबाबत वापरण्यात आला आहे. मंडळात अनेक गावे येतात आणि वळवाचा पाऊस शिवाराची सीमा पाळत नाही. त्यामुळे केंद्रावरील आकडा व बांधावरील वस्तुस्थिती यांत अंतर पडू शकते. घरगुती उपकरणाची नोंद अधिकृत नोंदीची जागा घेत नाही. तथापि योग्य जागी बसविलेले, वेळोवेळी तपासलेले व ज्याच्या नोंदी खंड न पडता ठेवलेल्या आहेत असे उपकरण हे अंतर किती आहे ते दाखवू शकते. राजाच्या कोष्ठागारात सुरू झालेले मापन त्यामुळे प्रथमच मोठ्या प्रमाणावर शेतकरी व सामान्य गृहस्थ यांच्या हाती आले आहे. त्याची विश्वसनीयता मात्र पूर्वीप्रमाणेच निरीक्षकाच्या नियमितपणावर अवलंबून आहे.