नखांवर उभे राहिलेले संसार

१९७५ साली सायगाव पडलं आणि हजारो व्हिएतनामी कुटुंबं अमेरिकेत आली. सॅक्रामेंटोजवळच्या ‘होप व्हिलेज’ छावणीत अभिनेत्री टिपी हेड्रन तिथल्या बायकांना शिवण, टंकलेखन शिकवू पाहत होती. बायकांची नजर मात्र तिच्या नखांवर! मग तिनं आपली मॅनिक्युअर करणारीच तिथं आणली. वीसजणी शिकल्या.

पुढं या धंद्यात ॲक्रिलिकचा बोलबाला झाला. द्रवात भिजवलेला कुंचला भुकटीला टेकवायचा, गोळी नखावर ठेवायची आणि ती आळण्याआत आकार द्यायचा. नवशिकीची गोळी जास्त ओली झाली की कातडीवर ओघळते. मग सगळा वेळ कानशीनं घासण्यातच जातो. गिऱ्हाईक खोळंबतं, कमाई बुडते. हात बसला, की घासायला फारसं उरतच नाही. इंग्रजीचा अडसर होताच. कॅलिफोर्नियात १९९६पासून परवान्याची परीक्षा व्हिएतनामीतूनही देता येऊ लागली.