गॅस कटर पेटवताना आधी गॅस, मग ऑक्सिजन; ज्योत मागे फिरली तर काय करावे?

लातूर/नांदेड : गाळप हंगाम तोंडावर आला की उसाच्या ट्रॉल्या, बैलगाड्या दुरुस्तीला येतात. गावोगावच्या वेल्डिंगच्या दुकानात गॅस कटर दिवसभर चालतो. कटरची ज्योत नळीतून उलटी टाकीकडे जाऊ शकते, हे नव्या पोराला सांगायचे मात्र राहून जाते. त्यासाठी क्रम पाठ हवा.

टाकी व नळी : ऑक्सिजनची टाकी काळी, ॲसिटिलीनची (डीए) मरून. ऑक्सिजनचे आटे नेहमीसारखे, गॅसचे उलटे असतात. नट बसत नसेल तर जोर लावू नका, नळी चुकली आहे. टाक्या उभ्या, साखळीने बांधून ठेवा. ऑक्सिजनच्या जोडाला तेल, ग्रीस किंवा तेलकट हात लावू नका, भडका उडतो.

पेटवण्याआधी : रेग्युलेटरची चावी सैल करून, बाजूला उभे राहून टाकीचा व्हॉल्व्ह हळू उघडा. ॲसिटिलीनचा दाब १ किलोच्या वर नको, त्यापुढे हा गॅस हवेशिवायही फुटू शकतो. ऑक्सिजनचा दाब नोझलच्या तक्त्याप्रमाणे ठेवा. जोड साबणाच्या फेसाने तपासा, काडी ओढून नव्हे. मोकळ्या जागी दोन्ही नळ्या एकेक करून काही सेकंद सोडा, म्हणजे आतली मिसळलेली हवा निघून जाते.

पेटवणे : काळा चष्मा, चामडी हातमोजे, सुती कपडे घाला. गॅसचा कॉक थोडा उघडून चकमकीच्या लायटरने पेटवा. काळा धूर थांबेपर्यंत गॅस वाढवा, मग ऑक्सिजन हळूहळू सोडा. आतले सुळके स्पष्ट, टोकदार झाले आणि त्यांच्याभोवतीचे पांढुरके पीस गेले की ज्योत बरोबर. आता कटिंगची दांडी दाबा. ज्योत बिघडली तर दांडी दाबलेलीच ठेवून पुन्हा जुळवा.

ज्योत आत शिरली तर : नुसता 'फट्' आवाज होऊन ज्योत विझली तर दोन्ही कॉक बंद करा आणि नोझल घाण झाले का, दाब कमी आहे का ते पाहा. ज्योत दिसेनाशी होऊन आतून शिट्टीसारखा आवाज येत असेल तर कटरचा ऑक्सिजन आधी, लगेच गॅस बंद करा, मग टाक्या. नळी, कटर तपासल्याशिवाय पुन्हा पेटवू नका. दोन्ही रेग्युलेटरवर फ्लॅशबॅक अरेस्टर बसवावा, तो ज्योत टाकीपर्यंत जाऊ देत नाही.

एलपीजी वापरत असाल तर तो हवेपेक्षा जड असतो, खड्ड्यात साचतो. घरगुती १४.२ किलोचे सिलिंडर दुकानात वापरणे बेकायदा आहे. डिझेलचे किंवा औषधाचे रिकामे ड्रम कटरने कापू नका, आत उरलेली वाफ स्फोटाला पुरते.

काम संपल्यावर आधी गॅस, मग ऑक्सिजन बंद करा. टाक्यांचे व्हॉल्व्ह बंद करून नळ्या एकेक करून रिकाम्या करा आणि रेग्युलेटरच्या चाव्या सैल करूनच दुकान लावा.