‘येथे’ या पदाचा अर्थ : संवर्धित वास्तवाच्या पूर्वेतिहासाविषयी

डोळ्यांसमोरील प्रत्यक्ष स्थळावर संगणकाने रचलेली प्रतिमा चढवून ती त्या स्थळाचाच भाग भासविण्याच्या तंत्रास ‘ऑगमेंटेड रिॲलिटी’ म्हणतात. विमानातील तारांची जोडणी करणाऱ्या कामगारास आकृती नजरेसमोरच दिसावी, या व्यावहारिक निकडीतून बोइंग कंपनीतील कॉडेल व मिझेल यांनी १९९२ च्या निबंधात ही संज्ञा योजिली. मराठीत तिला ‘संवर्धित वास्तव’ म्हणतात. वस्तुतः वास्तव तिळमात्र वाढत नाही, वाढते ते दर्शन. वेदान्तातील ‘अध्यारोप’ हा शब्द अधिक नेमका ठरला असता.

या तंत्राचे मूळ चित्रपटात शोधण्याचा मोह मुंबईच्या अभ्यासकास होणे स्वाभाविक आहे. दादासाहेब फाळके यांनी दादरला सिद्ध केलेला ‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ रोजी गिरगावातील कोरोनेशन चित्रपटगृहात लोकांसमोर आला. फाळके जादूचे प्रयोग करीत, आणि एका छायाचित्रावर दुसरे चढविण्याची युक्तीही त्यांना अवगत होती. त्यापूर्वी, १८९२ मध्ये, कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धनांनी ‘शांबरिक खरोलिके’चे खेळ सुरू केले होते, काचांवर रंगविलेली चित्रे दिव्याच्या प्रकाशाने पडद्यावर उमटत व हालत.

तरीही ही वंशावळ मान्य करणे कठीण आहे. ‘येथे’, ‘आता’ या पदांचा अर्थ बोलणारा कोठे व केव्हा उभा आहे, यावरून ठरतो. कोरोनेशनमध्ये काळोखात बसलेल्या प्रेक्षकाच्या लेखी ‘येथे’ म्हणजे हरिश्चंद्राची नगरी. गिरगावचा त्याला तेवढ्यापुरता विसरच पडावा लागतो. संवर्धित वास्तवात ‘येथे’ म्हणजे पाहणाऱ्याचे पाय जेथे टेकले आहेत तेच स्थळ. म्हणून खरा पूर्वज पेपरचा रंगमंच होय. लंडनमध्ये १८६२ साली त्याने तिरप्या काचेवरील प्रतिबिंबाने जिवंत नटांमध्ये भूत उभे केले. आयव्हन सदरलँड याने १९६८ मध्ये डोक्यावर बसविण्याचे जे यंत्र सादर केले, त्यातही अर्धपारदर्शक आरसेच होते. यंत्राचा भार छताला टांगलेला. दिसत त्या केवळ रेषा, पण मान वळविली की त्या स्थळाशी इमान राखून बदलत. १९९७ मध्ये रोनाल्ड अझुमा याने प्रत्यक्ष व कल्पित यांचा मेळ, तत्क्षणी प्रतिसाद आणि त्रिमितीतील स्थाननिश्चिती ही जी तीन लक्षणे सांगितली, त्यांतील शेवटच्या दोहोंपाशी चित्रपट अडतो.

हा भेद केवळ शास्त्रार्थाचा नव्हे. १९८२ च्या संपानंतर लालबाग-परळच्या गिरण्या एकामागून एक बंद पडल्या आणि त्यांच्या जागी मनोरे व बाजारसंकुले उभी राहिली. हातातील दूरध्वनी तिकडे रोखून पुसली गेलेली चिमणी, गिरणीचे फाटक, पाळी सुटताना बाहेर पडणारी माणसे पाहता येणे आता तंत्रदृष्ट्या दुष्कर नाही. पण चित्रपटातील कल्पना कथा म्हणून क्षम्य ठरते. ‘येथे’ असे म्हणून दाखविलेली प्रतिमा मात्र स्थळाविषयीची साक्ष होते. नकाशे व छायाचित्रे यांवरून फाटकाची रुंदी सांगता येईल. त्यातून बाहेर पडणाऱ्या बाईच्या लुगड्याचा रंग बहुधा रचनाकारच ठरवील, आणि तोही फाटकाइतकाच खरा दिसेल. पुराव्याने सिद्ध तेवढे भरीव दाखवावे आणि उरलेले सदरलँडच्या यंत्रातल्यासारखे नुसत्या रेषांनी, असे प्रस्तुत लेखकास वाटते. त्या रेषांना कोणी गिरणी समजणार नाही.