चवदार तळ्याचा खटला आणि नागरिकशास्त्राचा तास

मी नागरिकशास्त्राचा मास्तर होतो. शाळेत या विषयाला किंमत ती काय? इतिहासाच्या शेपटीला बांधलेले गाठोडे. कायदेमंडळ, कार्यकारी मंडळ, न्यायमंडळ ही तीन नावे घोकली की मुले सुटली आणि मास्तरही सुटला. मीही बरीच वर्षे असेच शिकवले, हे कबूल केले पाहिजे.

एकदा आठवीच्या वर्गात महाडचा सत्याग्रह सांगत होतो. मागच्या बाकावरून एका मुलीने विचारले, "सर, तळं आधीच खुलं केलं होतं ना? मग पुन्हा तिथं जावं कशाला लागलं?" या मुलीच्या वस्तीतला हातपंप उन्हाळ्यात आटे आणि गावच्या विहिरीवर तिच्या आईला घागर खाली ठेवून कुणी वरून पाणी ओतण्याची वाट बघावी लागे. प्रश्न पुस्तकातून आलेला नव्हता. पुढे मी घटनेचा पाठ चवदार तळ्यापासूनच सुरू करू लागलो.

तिचे म्हणणे खरेच होते. ऑगस्ट १९२३ मध्ये रावबहादूर सी. के. बोले यांचा ठराव मुंबई कायदे कौन्सिलात मंजूर झाला : सार्वजनिक पैशातून बांधलेले वा चालवलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, तसेच सरकारी शाळा, कचेऱ्या, दवाखाने अस्पृश्यांना खुले. सप्टेंबरात सरकारने अंमलबजावणीचा हुकूम काढला. जानेवारी १९२४ मध्ये महाड नगरपालिकेने आपले तळे खुले केले. म्हणजे कायदे करणारे बोलले, कारभार करणारे बोलले, नगरपालिकाही बोलली. आणि पाणी? तीन वर्षे तळ्याला अस्पृश्याचा हात लागला नाही. कागदावर हक्क होता, पण तो बजावायला गेलेल्याच्या पाठीशी कोणी उभे राहणार नव्हते. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब आणि हजारो माणसे तळ्यावर गेली, पाणी प्यायली, आणि मग डोकी फुटली. सवर्णांनी शेण-गोमूत्राच्या घागरी ओतून तळे 'शुद्ध' केले. ऑगस्टमध्ये नगरपालिकेने आपला ठरावच मागे घेतला.

यानंतरचा भाग आपल्याकडे घाईत उरकला जातो. डिसेंबरात दुसरी परिषद ठरली, तेव्हा काही स्पृश्य दिवाणी कोर्टात गेले. तळे आमचे खाजगी आहे, असा त्यांचा दावा. १४ डिसेंबरला तात्पुरता मनाई हुकूम मिळाला. परिषदेला जमलेली माणसे तळ्यावर जायला उतावीळ होती. २५ डिसेंबरला मनुस्मृती जाळली गेली, पण कोर्टाचा हुकूम मोडला नाही. इथे वर्गात भांडण पेटते. निम्मी मुले म्हणतात, मोडायला हवा होता. मी त्यांना भांडू देतो. ज्या कोर्टाने अन्यायाच्या बाजूने हुकूम दिला त्याचा मान राखायचा आणि ज्या ग्रंथाने अन्याय पवित्र केला तो जाळायचा, या दोन गोष्टी एकाच माणसाने एकाच आठवड्यात का केल्या, यावर तास संपला तरी मला चालतो.

खटला सव्वानऊ वर्षे चालला. १७ मार्च १९३७ रोजी मुंबई हायकोर्टाने स्पृश्यांचे अपील फेटाळले. आपण जिंकलो म्हणून सभांतून सांगतो, ते बरोबरच आहे. पण निकालाचा आधार मुलांना सांगितलाच पाहिजे : अस्पृश्यांना दूर ठेवण्याची रूढी अनादि काळापासूनची आहे, हे वादींना सिद्ध करता आले नाही. शिवाशिव हा गुन्हा आहे असे कोर्ट म्हणाले नाही, म्हणूही शकत नव्हते. रूढी पुरेशी जुनी ठरली असती तर?

हा 'तर' समजला की घटनेची कलमे पाठ करावी लागत नाहीत. कलम १३ मध्ये 'कायदा' या शब्दात रूढीही धरली आहे; मूलभूत हक्कांच्या आड येणारी रूढी कितीही जुनी असो, ती रद्द. कलम १७ ने अस्पृश्यता नष्ट केली. आणि कलम १५(२) मध्ये विहिरी, तळी, स्नानघाट आहेत, सरकारी पैशातून चालवलेले किंवा सर्वांसाठी ठेवलेले. बोल्यांच्या ठरावातला पाणवठा असा घटनेत आला; फरक इतकाच की आता कोणत्याही नगरपालिकेला तो मागे घेता येत नाही.

हे शिकवताना वर्गात राजकारण आणू नका, अशी ताकीद मला वरून मिळाली होती. मी मुलांना एवढेच सांगितले, आपल्या गावची विहीर कुणाच्या पैशाने बांधली ते बघून या.

त्या मुलीने विहिरीच्या कठड्यावरच्या पाटीचा मजकूर वहीत उतरवून आणला : जिल्हा परिषद, साल, खर्चाचा आकडा. खाली तिच्या अक्षरात होते, "१५(२)".